मोटारसायकलच्या कार्बुरेटरवर मोटार धावेल. पण जमवणार कसे?

भिवंडी : प्रदूषण नियंत्रणाचे भारत स्टेज-६ निकष १ एप्रिल २०२० रोजी देशभर लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याची जागा संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या फ्युएल इंजेक्शनने घेतली. मोटारींनी तर त्याला बरीच वर्षे आधी निरोप दिला होता. तरीही हे पितळ-अॅल्युमिनियमचे छोटेसे यंत्र इतिहासजमा झालेले नाही. जुन्या सुट्या भागांच्या बाजारात ते आजही मिळते आणि स्वतःच्या हाताने चारचाकी बांधू पाहणारे हौशी कारागीर त्याच्याकडेच वळतात. कारण सरळ आहे. त्याला संगणक लागत नाही, सेन्सर लागत नाहीत आणि ते पाना-पेचकसाने उघडता येते.

मात्र मोटारसायकलसाठी घडवलेला कार्बुरेटर मोटारीच्या इंजिनावर बसवणे म्हणजे केवळ नळी जोडून बोल्ट आवळणे नव्हे. मिश्रण चुकले तर इंजिन जळते, पेट्रोलचा दाब चुकला तर गाडी पेट घेऊ शकते आणि कायदा दुर्लक्षिला तर गाडी जप्त होऊ शकते.

घरगुती बांधणीचे वेड

घरच्या घरी मोटार बांधण्याची परंपरा ब्रिटनमध्ये विशेष रुजली. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली ‘लोटस सेव्हन’ सुट्या भागांच्या संचातही विकली जाई. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांनी अवघ्या २५० पौंडांत तशी मोटार कशी बांधावी हे सांगणारे पुस्तक लिहिले आणि हा छंद सामान्य पगारदाराच्या आवाक्यात आला. जुन्या फोर्ड इंजिनावर जपानी मोटारसायकलचे चार कार्बुरेटर बसवण्याची युक्ती याच मंडळींत लोकप्रिय झाली.

महाराष्ट्रातही असे हात आहेत. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी भंगारातील भाग जमवून सुमारे ६० हजार रुपयांत एक छोटी जीप तयार केली. दुचाकीप्रमाणे किक मारून सुरू होणारी ही गाडी डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजली. उद्योगपती आनंद महिंद्र यांनी ती नियमांत बसत नसल्याचे नमूद करूनही तिचे कौतुक केले आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये लोहार कुटुंबाला ती मिळाली.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात अशा कामाला लागणारे लेथवाले, वेल्डर आणि फिटर शोधायला लांब जावे लागत नाही. अवघड असते ते गाडी उभी राहिल्यानंतरचे काम. इंजिनाला प्रत्येक वेगात, प्रत्येक भारात नेमके किती पेट्रोल द्यायचे, हे ठरवण्याचे.

कार्बुरेटर करतो काय?

पेट्रोल जळण्यासाठी हवा लागते आणि तीही मोजून. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोसाठी सुमारे १४.७ किलो हवा हे संपूर्ण ज्वलनाचे प्रमाण मानले जाते. जास्तीत जास्त ताकद हवी असेल तर हवा थोडी कमी, म्हणजे साडेबारा ते तेरा किलोच्या आसपास ठेवावी लागते. पेट्रोल जास्त झाले तर मिश्रणाला ‘रिच’ आणि कमी पडले तर ‘लीन’ म्हणतात. रिच मिश्रणाने गाडी काळा धूर सोडते, प्लग काजळतात आणि पेट्रोल वाया जाते. लीन मिश्रण अधिक घातक असते. जोराच्या भारावर इंजिन खडखडते, तापते आणि व्हॉल्व्ह किंवा पिस्टन जळण्यापर्यंत वेळ येते.

हे प्रमाण कार्बुरेटर हवेच्याच ओढीने साधतो. हवेचा मार्ग मध्ये अरुंद केला की तेथे वेग वाढतो आणि दाब घटतो. या घटलेल्या दाबामुळे खालच्या पात्रातील पेट्रोल बारीक छिद्रातून वर ओढले जाते. हे छिद्र म्हणजेच जेट. पात्रातील पेट्रोलची पातळी फ्लोट सांभाळतो, अगदी घरावरच्या पाण्याच्या टाकीतील बॉलकॉकप्रमाणे.

मोटारसायकलचे कार्बुरेटर प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. पहिल्यात केबल थेट स्लाइड उचलते. दुसऱ्यात केबल केवळ झडप उघडते आणि स्लाइड रबरी पडद्याच्या साह्याने इंजिनाच्या ओढीनुसार आपोआप वर जाते. याला सीव्ही कार्बुरेटर म्हणतात. इंजिनाला जेवढी हवा खरोखर ओढता येते तेवढीच वाट तो मोकळी करत असल्याने परक्या इंजिनावर बसवण्यासाठी तो अधिक समंजस ठरतो.

हवेचा हिशेब

लहान गाडीचा कार्बुरेटर मोठ्या इंजिनाला पुरेल का, अशी शंका कोणालाही येईल. तिचे उत्तर गुणाकारात आहे. मोटारसायकलचे इंजिन लहान असले तरी फिरते वेगात. मिनिटाला १२ हजार फेरे घेणारे १००० सीसीचे इंजिन जेवढी हवा घेते, तेवढीच हवा ६ हजार फेरे घेणारे २००० सीसीचे मोटारीचे इंजिन घेते.

आपल्याकडे सहज समजेल असे उदाहरण मारुती ८०० चे. तिचे ७९६ सीसीचे इंजिन तीन सिलिंडरांचे, म्हणजे प्रत्येकी सुमारे २६५ सीसी. मिनिटाला ६ हजार फेऱ्यांचा हिशेब धरला तर एका सिलिंडरचा गुणाकार सुमारे १५ लाख ९० हजार येतो. मिनिटाला ८,५०० फेऱ्यांवर कमाल ताकद देणाऱ्या २२० सीसीच्या मोटारसायकलचा गुणाकार १८ लाख ७० हजार येतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडरला अशा मोटारसायकलचा एक याप्रमाणे तीन कार्बुरेटर कागदावर तरी पुरून उरतात.

एकच मोठा कार्बुरेटर फाटे फुटलेल्या नळीतून सर्व सिलिंडरांना मिश्रण वाटतो. त्यात जवळच्या सिलिंडरला जास्त आणि दूरच्याला कमी असा दुजाभाव होऊ शकतो. प्रत्येकाला स्वतंत्र कार्बुरेटर मिळाला की तो टळतो आणि अॅक्सिलरेटरला इंजिन चटकन प्रतिसाद देते. मात्र एकाऐवजी तीन किंवा चार यंत्रे एकमेकांशी जुळवण्याचे काम वाढते.

मोटार वळणावर झुकत नाही

मोटारसायकल वळणावर आत झुकते. पाण्याची बादली गोल फिरवली तरी पाणी सांडत नाही, त्याच न्यायाने झुकलेल्या मोटारसायकलच्या फ्लोट पात्रातील पेट्रोल तळाशीच राहते. मोटार तशी झुकत नाही. लांब वळणावर तिच्या पात्रातील पेट्रोल बाहेरच्या भिंतीकडे फेकले जाते. एखादा जेट क्षणभर उघडा पडतो आणि नेमक्या जोर लागण्याच्या वेळी इंजिन अडखळते. सरळ रस्त्यावर उत्तम चालणारी घरगुती मोटार वळणावर का दम खाते, याचे उत्तर अनेकदा येथे सापडते. जेट पात्राच्या मध्यभागी असलेला कार्बुरेटर निवडणे आणि फ्लोटची पातळी काटेकोर ठेवणे, हे त्यावरचे उपाय.

दुसरा मुद्दा पेट्रोलच्या दाबाचा. बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल टाकीतून स्वतःच्या वजनाने खाली येते. मोटारीत टाकी मागे आणि खाली असते, म्हणून पंप लागतो. फ्लोटची सुई दोन-तीन पीएसआयपेक्षा अधिक दाब सहसा पेलत नाही. इंजेक्शनच्या गाडीतील पंप तर ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. तो जोडला तर सुई उघडीच राहते, पात्र भरून वाहते आणि पेट्रोल तापलेल्या एक्झॉस्टवर सांडू शकते. म्हणून कमी दाबाचा पंप, दाब नियंत्रक, उत्तम प्रतीच्या नळ्या आणि क्लिपा यांत काटकसर करू नये. इंजिन बंद पडताच पंपही बंद पडेल अशी जोडणी आणि हाताशी अग्निशामक, हे या कामाचे भागच समजावेत.

कार्बुरेटर मूळ गाडीवर ज्या कोनात होता त्याच कोनात बसवावा लागतो, अन्यथा फ्लोटचे मोजमाप बिघडते. मूळ एअर बॉक्स काढून उघडे फिल्टर लावले तर सीव्ही कार्बुरेटरची स्लाइड नीट उचलली जात नाही, अशी तक्रार नेहमीची आहे. फिल्टर मात्र हवाच. बांधकामाची धूळ आणि सुताचे तंतू जेथे हवेत तरंगतात, तेथे तो वारंवार साफ करावा लागतो.

ज्या मोटारीच्या ब्रेकला व्हॅक्युम बूस्टर आहे, तेथे आणखी एक धोका संभवतो. बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. स्वतंत्र कार्बुरेटर लावल्यावर ही ओढ एका नळीत तुटक मिळते. सर्व सिलिंडरांच्या नळ्या एकत्र करून, मध्ये एकमार्गी झडप ठेवूनच बूस्टरला जोड द्यावा लागतो, नाहीतर ऐन वेळी पेडल जड होते. अॅक्सिलरेटरचेही तसेच. मनगटाने फिरवण्याच्या केबलवर पायाचा जोर आला की ती ताणून तुटते किंवा अडकते. म्हणून पेडलला पक्का अटकाव आणि थ्रॉटल बंद करणारी जादा स्प्रिंग हवी.

ट्यूनिंगचा क्रम

अनुभवी मिस्त्री कार्बुरेटरला सर्वात शेवटी हात लावतात. आधी टॅपेट, इग्निशन टायमिंग, प्लग आणि कॉम्प्रेशन तपासले जाते. इनटेकच्या सांध्यातून हवा शिरत असेल तर सगळी मेहनत फुकट जाते. चालत्या इंजिनाच्या सांध्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारल्यावर आवाज बदलला, तर गळती तेथेच आहे असे समजावे.

त्यानंतर सफाई. जेटमध्ये तार घालण्याची सवय वाईट, कारण मऊ पितळाचे छिद्र तिने मोठे होते. द्रावण आणि दाबाची हवा पुरेशी असते. मग प्रत्येक पात्रातील पातळी सारखी केली जाते.

पुढची पायरी सर्व कार्बुरेटरांचे एकमत करण्याची. मागावर ताण्याचे धागे सारखे ताणलेले नसतील तर कापडात दोष येतो, तसेच येथे घडते. एक झडप किंचित जास्त उघडी राहिली तर तो सिलिंडर इतरांना ओढत राहतो आणि इंजिन थरथरते. प्रत्येक इनटेकला व्हॅक्युम गेज लावून आकडे जुळवले जातात. गेज नसेल तेथे रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे कार्बुरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा आवाज सारखा केला जातो. १९८० च्या दशकात आलेल्या दोन सिलिंडरांच्या राजदूत ३५० ला दोन कार्बुरेटर होते. ती गाडी हाताळलेल्या मिस्त्रींना ही जुळवणी नवी नाही.

मग जेट. थ्रॉटलच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळ्या भागाची सत्ता चालते. आयडलिंगपासून सुमारे एक अष्टमांश उघडेपर्यंत पायलट जेट आणि मिक्स्चर स्क्रू, एक चतुर्थांश ते तीन चतुर्थांश निमुळती नीडल, तर त्यापुढे मेन जेट. म्हणून दोष कोणत्या टप्प्यावर दिसतो, हे आधी ठरवावे लागते.

पूर्ण थ्रॉटलवरील मेन जेटपासून सुरुवात करणे सोयीचे, कारण त्याचा प्रभाव खालच्या टप्प्यांवरही पडतो. आरंभ नेहमी मोठ्या, म्हणजे रिच बाजूच्या जेटने करावा आणि एकेक पायरी खाली यावे. पूर्ण थ्रॉटलवरून पाय किंचित उचलताच गाडी अधिक जोराने ओढू लागली, तर मेन जेट लहान आहे. चोक थोडा ओढल्यावर चाल सुधारली, तर मिश्रण लीन आहे. मधल्या टप्प्यासाठी नीडलवरील क्लिप एक खाच खाली सरकवली की नीडल वर जाते आणि मिश्रण रिच होते. वर सरकवली तर उलट घडते.

शेवटी पायलट. येथे अनेकांची फसगत होते, कारण स्क्रू दोन प्रकारचे असतात. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू सहसा पेट्रोल नियंत्रित करतो आणि बाहेर काढल्यावर मिश्रण रिच होते. फिल्टरच्या बाजूचा हवा नियंत्रित करतो आणि आत आवळल्यावर रिच होते. आपल्याकडचा कोणता, हे न पाहता फिरवत बसणे व्यर्थ. अॅक्सिलरेटर सोडल्यावर एक्झॉस्टमध्ये फटफट आवाज येत असेल तर पायलटचे मिश्रण लीन असण्याचा संभव असतो.

जेटवरील आकड्यांबाबतही सावध राहावे लागते. काही उत्पादक छिद्राचा व्यास छापतात, काही त्यातून वाहणाऱ्या द्रवाचे प्रमाण. त्यामुळे एका कंपनीचा १३० आणि दुसरीचा १३० एकच असेल असे नाही.

एका वेळी एकच बदल आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद, हा या कामातला मोठा नियम. प्लगचा रंग जुना साक्षीदार आहे. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण ठीक, पांढुरका असेल तर लीन, काजळी धरलेला असेल तर रिच. आजच्या पेट्रोलमध्ये हा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही. म्हणून एक्झॉस्टमध्ये वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवून प्रमाण थेट वाचणे अधिक खात्रीचे. आयडलिंगपुरता अंदाज पीयूसी केंद्रातील यंत्राच्या कार्बन मोनॉक्साइडच्या आकड्यावरूनही घेता येतो.

इथेनॉल आणि घाटाचा प्रश्न

जुन्या पुस्तकांतील आकडे आज जसेच्या तसे चालत नाहीत. देशाने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते. अशा पेट्रोलचे प्रमाण १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येते. इंजेक्शनची गाडी सेन्सरच्या मदतीने बदल ओळखून जुळवून घेते. कार्बुरेटरला मात्र काहीच कळत नाही. तो जुन्याच मापाने पेट्रोल देतो आणि मिश्रण सुमारे सात-आठ टक्क्यांनी लीन होते. ही तूट भरण्यासाठी छिद्राचे क्षेत्रफळ तेवढे वाढवावे लागते. व्यासात ही वाढ साडेतीन-चार टक्केच भरते. व्यासावर आकडा असलेल्या १२० च्या जागी साधारण १२४ किंवा १२५ चा जेट येतो.

इथेनॉल पाणी शोषून घेते आणि जुन्या रबराला मानवत नाही. पावसाळ्यात महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या पात्रात पाणी साचून गंज धरू शकतो. गाडी उभी ठेवण्यापूर्वी पात्र रिकामे करणे आणि रबरी वॉशर, पडदे वेळीच बदलणे हिताचे.

हवेचाही वाटा मोठा आहे. भिवंडी समुद्रसपाटीपासून थोड्याच उंचीवर आहे, तर कसारा घाट चढून गेल्यावर लागणारी इगतपुरी सुमारे ६०० मीटरवर. तेवढ्या चढणीत हवा सहा टक्क्यांच्या आसपास विरळ होते आणि कार्बुरेटरचे मिश्रण सुमारे तीन टक्क्यांनी रिच होते. थंडीतील पहाटे आणि मेमधील दुपार यांच्या हवेच्या घनतेतही सात-आठ टक्क्यांचा फरक पडू शकतो. पावसाळ्यात बाष्प ऑक्सिजनची थोडी जागा अडवते. त्यामुळे भर उन्हात अगदी काठावर जमवलेले इंजिन थंड पहाटे लीन होण्याची भीती असते. किंचित रिच बाजूला थांबण्याचा जुन्या मिस्त्रींचा आग्रह याच कारणाने रास्त ठरतो.

रस्त्यावर आणता येईल का?

याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीकृत वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका स्पष्ट केली. नव्याने बांधलेल्या वाहनासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ अन्वये नमुन्याची चाचणी पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या अधिकृत संस्थेकडून उत्तीर्ण व्हावी लागते. एकाच गाडीसाठी हा खर्च हौशी माणसाला परवडणारा नाही. ब्रिटनमध्ये एकेका घरगुती मोटारीची तपासणी करून परवाना देणारी स्वतंत्र पद्धत आहे. आपल्याकडे तशी सुलभ वाट नाही. त्यामुळे अशी गाडी खासगी आवारात किंवा शर्यतीच्या बंदिस्त मार्गावरच चालवणे योग्य. पूर्ण थ्रॉटलची चाचणी महामार्गावर घेणे तर कोणत्याही परिस्थितीत गैर आणि धोक्याचे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मात्र रीतसर मार्ग उपलब्ध आहे. ‘बाहा एसएईइंडिया’, ‘सुप्रा’ आणि ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धांत महाविद्यालयांचे संघ स्वतः वाहन बांधून उतरतात. सुरक्षिततेची कडक तपासणी झाल्याशिवाय तेथे गाडी मार्गावर सोडली जात नाही. हौशी कारागिरांनीही हा शिरस्ता उचलण्याजोगा आहे.

देशात कार्बुरेटरच्या जुन्या दुचाकी आजही मोठ्या संख्येने धावत आहेत आणि त्या सुरू ठेवणारे मिस्त्री वयाने पुढे सरकत आहेत. नव्या गॅरेजांत स्कॅनर आला. कानाने मिश्रण ओळखण्याची गरज उरली नाही आणि तरुण हातांना ते शिकण्याचे कारणही राहिले नाही. घरगुती मोटारीवर तीन कार्बुरेटर जुळवण्याच्या खटाटोपातून रस्त्यावर चालणारी गाडी मिळणार नाही. पण ते शिकणाऱ्याला इंजिन हवा आणि पेट्रोल यांचा हिशेब कसा ठेवते, हे हाताने समजते. जुन्या मिस्त्रीच्या शेजारी उभे राहून ते शिकण्याची संधी फार काळ राहणार नाही.